नकाशापुढे सारे समान

क्रीडासमारंभांतील भाषणांत 'खेळ माणसांना जवळ आणतो' हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे नाही. पण कोणत्या माणसांना, हा प्रश्न त्या वाक्यामागोमाग क्वचितच विचारला जातो. ज्याला धावता येते, उडी मारता येते, चेंडू फेकता येतो, त्याला मैदान आपोआप जवळ करते. ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याचा हात थरथरतो किंवा शंभर पावलांनंतर ज्याला दम लागतो, त्याच्या वाट्याला बहुधा मैदानाच्या कडेची जागा येते. टाळ्या वाजवण्याचे काम त्याच्यासाठी राखून ठेवलेले असते. या कडेच्या माणसाला मैदानात आणण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न उत्तर युरोपात आणि ब्रिटनमध्ये गेली काही दशके चालू आहे. त्या खेळाचे नाव ट्रेल ओरिएंटियरिंग. हा खेळ जितका चित्तवेधक, तितकेच त्याची राष्ट्रीय साखळी स्पर्धा, म्हणजे लीग, चालवण्याचे काम उद्बोधक आहे. समतेचे तत्त्व मान्य करणे सोपे असते. त्याची कसोटी लागते ती वेळापत्रकात, वाटेच्या चढावर आणि गुणतक्त्यात.

मुळात ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र यांच्या साहाय्याने अनोळखी प्रदेशातून वाट काढण्याचा खेळ. हा शब्द स्वीडनच्या सैनिकी शिक्षणात १८८६ मध्ये वापरात आला. सामान्य नागरिकांसाठीची पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेमध्ये, आजच्या ऑस्लो शहराच्या परिसरात झाली. पुढे १९१९ मध्ये अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश सैनिकी अधिकाऱ्याने स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि या खेळाला लोकप्रियतेची वाट मोकळी झाली. १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग महासंघ स्थापन केला. स्पर्धकाच्या हाती दिलेल्या नकाशावर उंचीच्या समोच्च रेषा तपकिरी रंगात, पाणी निळ्या रंगात, दाट झाडी हिरव्या रंगात आणि खडक, भिंती, इमारती काळ्या रंगात दाखवलेल्या असतात. नकाशावर छापलेल्या जांभळ्या वर्तुळांच्या ठिकाणी ठरलेल्या क्रमाने कमीत कमी वेळात जो पोहोचेल, तो विजयी. अर्थात रानावनातून, ओढ्यानाल्यांतून, चढउतारांवरून धावणे हा या खेळाचा प्राण आहे आणि नेमक्या त्याच कारणाने ज्याला धावता येत नाही त्याच्यासाठी या खेळाचे दार बंद राहिले होते.

हे दार उघडण्यासाठी खेळाच्या जाणकारांनी एक साधा पण मूलगामी प्रश्न विचारला. ओरिएंटियरिंगमध्ये दोन कौशल्ये एकत्र नांदतात: एक पायांचे, दुसरे नकाशा वाचणाऱ्या बुद्धीचे. यांपैकी पायांचे कौशल्य बाजूला ठेवले, तर उरलेल्या कौशल्यावर स्पर्धा उभी राहू शकेल काय? ट्रेल ओरिएंटियरिंग हे या प्रश्नाचे उत्तर आहे. येथे स्पर्धक रानात शिरत नाही. तो व्हीलचेअर जाऊ शकेल अशा ठरावीक वाटेनेच पुढे सरकतो. वाटेवर जागोजागी निरीक्षणाची ठिकाणे आखलेली असतात. तेथून समोरच्या उतारावर, झाडांच्या किंवा खडकांच्या आसपास, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांची काही निशाणे लावलेली दिसतात. डावीकडून उजवीकडे त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे मानलेली असतात. नकाशावरील वर्तुळाच्या बरोबर मध्यावर आणि सोबतच्या वर्णनात सांगितलेल्या जागी यांपैकी कोणते निशाण उभे आहे, ते स्पर्धकाने ओळखायचे. कधी कधी एकही निशाण योग्य जागी नसते. तसे ठामपणे सांगणे, म्हणजे 'झेड' हे उत्तर देणे, हीसुद्धा परीक्षेचाच भाग असते.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र चांगल्या चांगल्या धावपटूंची येथे फसगत होते. दोन निशाणे एकाच टेकाडावर काही मीटरच्या अंतराने उभी असतात. एक टेकाडाच्या माथ्यावर, तर दुसरे त्याच्या उतारावर. वाटेवरून पाहताना दोन्ही एकाच रेषेत दिसतात. अशा वेळी समोच्च रेषांचा वळसा, होकायंत्राने दाखवलेली दिशा, दूरच्या खडकाशी जुळणारी रेषा या साऱ्यांचा मेळ घालून निर्णय घ्यावा लागतो. संपूर्ण फेरीसाठी एक कमाल वेळ ठरवून दिलेली असते. त्या वेळेच्या आत कोण आधी पोहोचला याला काहीही महत्त्व नसते. ज्याला ढकलत न्यावे लागते त्याला मदतनीस घेता येतो. मात्र मदतनीसाने केवळ शारीरिक साहाय्य करायचे, निर्णयाविषयी एक शब्दही उच्चारायचा नाही, असा कडक नियम आहे. स्वीडनमध्ये या खेळाला 'अचूकतेचे ओरिएंटियरिंग' अशा अर्थाचे नाव आहे. या नावात अपंगत्वाचा उल्लेखही नाही, आणि ते योग्यच आहे. खेळाची ओळख त्यात लागणाऱ्या कौशल्यावरून व्हावी, खेळणाऱ्याच्या उणिवेवरून होऊ नये.

समान गुण मिळवणाऱ्यांत क्रम लावण्यासाठी काही प्रश्न वेळ लावून विचारले जातात. स्पर्धकाला ठरलेल्या जागी बसवून समोरची निशाणे दाखवली जातात, मग नकाशा हाती दिला जातो आणि घड्याळ सुरू होते. येथे एक सुंदर बारकावा आहे. चालू शकणारा स्पर्धकही उभा न राहता खुर्चीवर बसूनच उत्तर देतो. त्यामुळे उभ्या माणसाला दिसणारे आणि बसलेल्याला न दिसणारे असे काही उरत नाही. ज्याला स्पष्ट बोलता येत नाही त्याने अक्षरांच्या फळीवर बोट ठेवले तरी चालते. केवळ अशाच जलद प्रश्नांवर आधारलेला 'टेम्पो' हा प्रकार नंतर विकसित झाला. त्यात प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी ३० सेकंदांचा भुर्दंड एकूण वेळेत मिळवला जातो. २००४ मध्ये स्वीडनमधील वेस्टेरोस येथे या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, २०१२ मध्ये ती स्कॉटलंडमधील डंडी येथे भरली, आणि २०१३ मध्ये फिनलंडमधील वुओकाटी येथे टेम्पो प्रकाराला जागतिक स्पर्धेत प्रथमच स्थान मिळाले. एका लहानशा सामाजिक प्रयोगाने पूर्ण वाढलेल्या खेळाचे रूप घेतले, हे या वाटचालीवरून दिसून येते.

असे असूनही 'ज्यात धावणे नाही तो खेळ कसला?' हा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. त्याचे उत्तर अवघड नाही. नेमबाज धावत नाही, बुद्धिबळपटू तर जागचा हलतही नाही. तरी त्यांच्या खेळाला खेळ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. स्पर्धेला लागते ते कौशल्य, त्या कौशल्याचे निःपक्षपाती मोजमाप आणि जिंकण्या-हरण्याची खरी शक्यता. या तिन्ही गोष्टी येथे आहेत. उलट दयेपोटी दिलेले बक्षीस हा खेळाचा खरा शत्रू होय. हरण्याचा हक्क नसेल तर जिंकण्याला अर्थ राहत नाही. ट्रेल ओरिएंटियरिंगमध्ये व्हीलचेअरवरील स्पर्धक जिंकतो तेव्हा चालणाऱ्यांना हरवून जिंकतो, आणि हरतो तेव्हाही त्याच प्रश्नपत्रिकेवर हरतो. या दोन्ही अनुभवांत त्याचा सन्मान आहे.

मग अशा खेळासाठी वर्षातून एकदा भरणारी अजिंक्यपद स्पर्धा पुरेशी का नाही? लीगचा खटाटोप कशासाठी? याचे कारण खेळाडूच्या जीवनात आहे. वर्षातील एकच दिवस ठरवून दिला, तर त्या दिवशी ज्याची प्रकृती साथ देत नाही, ज्याचा मदतनीस आजारी पडतो किंवा ज्याची गाडी चुकते, त्याचे संपूर्ण वर्ष वाया जाते. दीर्घ आजार किंवा अपंगत्व घेऊन जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असे दिवस इतरांपेक्षा अधिक येतात. वर्षभर पसरलेली साखळी स्पर्धा त्याला पुन्हा पुन्हा संधी देते. शिवाय सरावाशिवाय कौशल्य वाढत नाही, आणि कौशल्य वाढल्याशिवाय स्पर्धेत गोडी राहत नाही. एखाद्या गावातील नवख्या माणसाला वर्षातून एकदा शेकडो किलोमीटर दूर बोलावले तर तो एकदा येईल. जवळच्या स्पर्धांना चार वेळा बोलावले तर तो खेळाडू होईल.

लीगच्या आयोजकापुढे पहिला प्रश्न असतो तो जागेचा. धावण्याच्या स्पर्धेचा आयोजक प्रथम सुंदर रान शोधतो आणि वाहने उभी करण्याची जागा, प्रसाधनगृह यांचा विचार शेवटी करतो. येथे हा क्रम उलटा करावा लागतो. वाट पुरेशी रुंद व घट्ट आहे का, पावसानंतर तिच्यात चाके रुततील का, चढ मदतनीसाच्या आवाक्यातला आहे का, वाट एका बाजूला कललेली तर नाही ना, व्हीलचेअर आत जाईल असे प्रसाधनगृह जवळ आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निशाणांचा विचार सुरू व्हावा. आखणी करणाऱ्याने एकदा तरी स्वतः खुर्चीवर बसून संपूर्ण वाट पाहिली पाहिजे. उभ्या माणसाच्या डोळ्यांना गवतापलीकडचे निशाण स्वच्छ दिसते. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तेच गवत भिंत होऊन उभे राहते. एप्रिलमध्ये आखलेला प्रश्न जूनमध्ये पानांआड झाकला जातो, हेही ध्यानात ठेवावे लागते. या गोष्टी बारीकसारीक वाटतात; पण ज्याच्या वाट्याला त्या येतात त्याच्यासाठी स्पर्धेचे दार उघडे आहे की बंद, हे त्याच ठरवतात.

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा आणि खर्चाचा. चालू शकणारा तरुण पाठीवर पिशवी टाकून पहाटेच्या गाडीने निघतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याला प्रवासाची व्यवस्था आधीपासून करावी लागते. बहुधा सोबत एक माणूस न्यावा लागतो. मुक्काम करायचा तर सोयीची खोली शोधावी लागते. म्हणजे एकाच स्पर्धेसाठी त्याला जवळजवळ दुप्पट खर्च आणि दुप्पट खटपट. यावर उपाय आहेत. मदतनीसाकडून शुल्क घेऊ नये. एकाच ठिकाणी सकाळी अचूकतेची फेरी आणि दुपारी टेम्पो, अशा दोन स्पर्धा ठेवाव्यात, म्हणजे एका प्रवासात दोन निकाल पदरात पडतील. शक्य तेथे मोठ्या क्रीडामहोत्सवांना जोडून लीगची फेरी घ्यावी. ब्रिटनमध्ये ईस्टरच्या सुट्टीत भरणाऱ्या यान शेलस्ट्रॉम महोत्सवात धावण्याच्या शर्यतींबरोबर ट्रेल ओरिएंटियरिंगचीही स्पर्धा घेतली जाते. अशा जोडणीचा दुहेरी लाभ होतो: स्वयंसेवक आणि नकाशे आयतेच मिळतात, आणि धावणारी शेकडो माणसे कुतूहलाने का होईना, या खेळाकडे वळतात.

तिसरा आणि कळीचा प्रश्न गुणांचा. निरनिराळ्या ठिकाणच्या स्पर्धांची काठिण्यपातळी सारखी नसते. एका ठिकाणी २० पैकी २० उत्तरे अचूक देणारे दोन-तीन जण निघतात, तर दुसऱ्या ठिकाणी विजेताही १५ वर अडतो. नुसती अचूक उत्तरे मोजून वर्षअखेरीस बेरीज केली, तर अवघड स्पर्धेला गेलेला खेळाडू विनाकारण मागे पडेल. म्हणून प्रत्येक फेरीच्या विजेत्याला १०० गुण द्यावेत आणि इतरांना त्याच्या प्रमाणात. विजेत्याची १५ उत्तरे बरोबर असतील, तर १२ बरोबर देणाऱ्याला ८० गुण. टेम्पोमध्ये विजेत्याला २४० सेकंद लागले असतील, तर ३०० सेकंद घेणाऱ्यालाही ८० गुण. या रीतीने दोन भिन्न प्रकार एकाच मापाने मोजता येतात आणि सामान्य स्पर्धकालाही आपला हिशेब बोटांवर करता येतो. ज्या गुणपद्धतीचा हिशेब केवळ संगणकालाच कळतो, ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी विश्वास कमावू शकत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व फेऱ्यांचे गुण मोजू नयेत. समजा वर्षात आठ फेऱ्या आहेत. तर प्रत्येकाच्या सर्वोत्तम चार किंवा पाच निकालांचीच बेरीज धरावी. एखाद्याला ही सवलत वाटेल. परंतु ती न्यायाची गरज आहे. आठही फेऱ्या मोजल्या, तर लीग नकाशा वाचण्याची राहणार नाही. ती प्रवासाची ऐपत आणि प्रकृतीची धडधाकट साथ यांची होईल. अर्थात मोजायच्या निकालांची संख्या फार कमी ठेवली, तर दोन-तीन चांगल्या दिवसांवर विजेतेपद मिळेल आणि वर्षभराच्या सातत्याला किंमत राहणार नाही. एकूण फेऱ्यांच्या निम्म्याहून किंचित अधिक निकाल धरणे हा दोन्ही टोकांमधला समंजस मार्ग दिसतो.

गुणतक्त्यात आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. तो म्हणजे फेरीची आखणी करणारा. स्वतः आखलेल्या वाटेवर तो स्पर्धक म्हणून उतरू शकत नाही. लहान खेळात आखणी करणारे आणि खेळणारे बहुधा एकच असतात. त्यामुळे जो सर्वांसाठी राबतो, त्याचेच गुण बुडतात. ब्रिटनमधील अनेक ओरिएंटियरिंग क्लबांच्या साखळी स्पर्धांत आयोजकाला त्या फेरीसाठी त्याच्या इतर निकालांवर आधारित गुण देण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय लीगनेही हीच रीत पाळावी. येथे हे काम विशेष जिकिरीचे असते. निशाण हातभर सरकले तरी उत्तर संशयास्पद होऊ शकते. नकाशात एखादा दगड किंचित चुकीच्या जागी दाखवलेला असला तरी वाद होतो. म्हणून दुसऱ्या जाणकाराने प्रत्येक प्रश्न जागेवर जाऊन तपासावा लागतो. तरीही प्रश्न सदोष ठरला, तर तो सर्वांसाठी रद्द करण्याचे धैर्य आयोजकाने दाखवावे, आणि स्पर्धेनंतर प्रत्येक प्रश्नाचे सकारण उत्तर नकाशासह सर्वांना द्यावे. चूक का झाली हे कळले, तर हरलेलाही काही शिकून घरी जातो.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. गुणतक्ता एक असावा की दोन? जागतिक स्पर्धांत सर्वांसाठी खुला वर्ग आणि कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळा वर्ग, अशी विभागणी रूढ झाली. काहींच्या मते हा वेगळा वर्ग खेळाच्या मूळ कल्पनेलाच छेद देतो. जेथे सारे समान आहेत, तेथे पुन्हा भिंत कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की बरोबरी ही केवळ प्रश्नपत्रिकेपुरतीच असते. थंडीवाऱ्यात दोन तास एका जागी बसून राहिल्याने ज्याचे स्नायू आखडतात, औषधांमुळे ज्याचे लक्ष टिकत नाही, खडबडीत वाटेच्या हादऱ्यांनी जो थकून जातो, त्याची आणि धडधाकट माणसाची तुलना पूर्णपणे न्याय्य कशी म्हणावी? शिवाय वेगळा वर्गच नसेल, तर राष्ट्रीय संघटना केवळ चालणारे खेळाडू पाठवून मोकळ्या होतील. ज्यांच्यासाठी हा खेळ जन्माला आला, तेच हळूहळू पुन्हा कडेला जाऊन बसतील.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि म्हणूनच एकीची निवड करून दुसरी मोडीत काढणे योग्य होणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील तिसावे कलम या बाबतीत मार्गदर्शक आहे. सर्वसामान्य खेळांत अपंग व्यक्तींना शक्य तितका सहभाग मिळावा, असे ते सांगते. त्याच वेळी त्यांच्यासाठीचे विशेष खेळ संघटित करण्याची संधीही मिळावी, असे बजावते. एक हक्क दुसऱ्याच्या बदल्यात मागितलेला नाही. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झाल्यानंतर १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणाचे सुवर्णपदक पटकावले. अपंगांसाठी वेगळी स्पर्धा होती, म्हणूनच हे कर्तृत्व जगापुढे आले. तेव्हा वेगळ्या वर्गाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण सर्वांबरोबर उतरण्याची शक्यता जेथे खरोखर आहे, तेथे ती हिरावून घेण्याचेही कारण नाही. लीगने सर्वांचा एकच मुख्य गुणतक्ता ठेवावा आणि त्याच गुणांवरून अपंग स्पर्धकांचा दुसरा तक्ता तयार करावा. एकाच उत्तरपत्रिकेवरून दोन्ही सन्मान देता येतात. त्यासाठी वेगळी वाट आखावी लागत नाही.

मात्र खेळाला एक धोका आतूनच संभवतो. अनुभवी स्पर्धक वाढले, की त्यांना चकवण्यासाठी प्रश्न अधिकाधिक सूक्ष्म होत जातात. निशाण योग्य जागेपासून किती सरकले म्हणजे 'झेड' म्हणावे, यावर तासन्‌तास वाद रंगतात. निष्णातांना त्यात आनंद असतो. परंतु पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत जाणकारांची दाद हवीच. पण सारे गाणे केवळ जाणकारांसाठी होऊ लागले, तर सभागृह रिकामे होते. म्हणून लीगच्या प्रत्येक फेरीत दोन वाटा असाव्यात: एक कसलेल्यांसाठी, दुसरी नवख्यांसाठी. नवख्यांच्या वाटेवर टेकाड, कुंपणाचा कोपरा, वाटांचा संगम अशा ठसठशीत खुणांवरचे प्रश्न असावेत. टेम्पोविषयीही सावधगिरी हवी. वेगाचा थरार प्रेक्षकांना भावतो. पण ज्याचा हात सावकाश उठतो त्याच्या वाट्याला काही सेकंद फुकट येतात. जो खेळ वेगाचा अडसर दूर करण्यासाठी निर्माण झाला, त्याने वेगालाच पुन्हा सिंहासनावर बसवणे शोभणार नाही. टेम्पो जरूर असावा, पण लीगमधील त्याचे प्रमाण अचूकतेच्या फेऱ्यांहून कमी राहावे.

एवढी सारी यातायात मोजक्या स्पर्धकांसाठी का करायची, असा व्यवहारी प्रश्न अखेरीस उरतो. स्वयंसेवकांचे श्रम आणि पैसा मर्यादित असताना तो अनाठायी म्हणता येत नाही. परंतु येथे कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. स्पर्धक थोडे आहेत म्हणून सोयी करायच्या नाहीत, आणि सोयी नाहीत म्हणून स्पर्धक थोडे राहतात. हे चक्र कोणीतरी तोडावे लागते. ते तोडण्याची जबाबदारी ज्याच्याकडे साधने आहेत त्याची. जो दाराबाहेर थांबला आहे त्याची नव्हे. शिवाय नीट बांधलेली वाट केवळ व्हीलचेअरच्या उपयोगी पडते असे नाही. तान्ह्या मुलाची ढकलगाडी घेऊन आलेली आई, काठी टेकत येणारे आजोबा, शस्त्रक्रियेनंतर सावरणारा तरुण धावपटू हे सारे त्याच वाटेने जातात. आज जो रानातून सुसाट धावतो, तोही पुढे कधीतरी याच वाटेवर येणार आहे. त्या दिवशी आवडता खेळ सोडावा लागू नये, ही त्याचीही गरज ठरते.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सारी कल्पना अपरिचित वाटू नये. काम सांभाळून, घर सांभाळून, कधी आजारपण सोसून तो अभ्यास करतो. ठरावीक कालमर्यादेत त्याला परीक्षेच्या अनेक संधी मिळतात आणि उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेय त्याच्या खात्यावर जमा राहते. तरीही प्रश्नपत्रिका त्याच्यासाठी सोपी केली जात नाही, आणि हाती येणारे प्रमाणपत्र दुय्यम ठरत नाही. वेळ, जागा आणि गती यांबाबत लवचिकता. गुणवत्तेबाबत मात्र तडजोड नाही: या तत्त्वावर शिक्षण उभे राहू शकते, तर खेळही उभा राहू शकतो. ट्रेल ओरिएंटियरिंगच्या लीगने सर्वोत्तम निकाल मोजावेत, वाट आधी तपासावी, मदतनीसाला मोकळीक द्यावी आणि प्रश्न मात्र कसाला लावणारे विचारावेत, या अपेक्षेमागे हेच तत्त्व आहे. निशाण बरोबर ओळखले की चुकले, एवढाच फरक नकाशाला कळतो. स्पर्धक तेथवर पायांनी आला की चाकांनी, हे त्याच्या हिशेबात नसते. तो तेथवर पोहोचेल एवढी वाट मात्र माणसांनीच बांधून द्यावी लागते.